उजेड यावा, नजर येऊ नये

मराठीत ‘काच’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ‘ती काच’ खिडकीला असते. ‘तो काच’ सासुरवाशिणीला असतो. कन्नडमध्ये ही गंमत नाही. तिथे काच म्हणजे ‘गाजु’, आरसा म्हणजे ‘कन्नडी’ आणि बांगडी काचेचीच असली तरी ती ‘बळे’. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. कन्नड मी पुस्तकातून थोडे आणि बसच्या रांगेत अधिक शिकले. त्यामुळे माझ्या डोक्यात दोन्ही भाषांचे शब्द एका खोलीतल्या दोन बिऱ्हाडांसारखे राहतात आणि मधूनमधून एकमेकांची भांडी वापरतात. गेल्या वर्षी आमच्या घरात मधली भिंत घालायची वेळ आली आणि महिनाभर मी ‘ती’ काच शोधत हिंडले. ‘तो’ काच घरात आधीच येऊन बसला होता.

बाबा आणि काका यांची वाटणी झाली. वाटणी म्हटली की लोकांना आरडाओरड आणि कोर्टकचेऱ्या आठवतात. आमच्याकडे तसे काही झाले नाही. “भांडण झालं असतं तर बरं,” असे आई म्हणते, “भांडण निदान मिटतं तरी.” दोघे भाऊ फक्त बोलायचे थांबले. जेवढे अगदी आवश्यक तेवढे आजीमार्फत नाहीतर माझ्यामार्फत जाई. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे ‘चौकशी व हिशेब’ हे खाते आपोआप माझ्याकडे आले. ताळेबंद जुळवणाऱ्या मुलीला घर जुळवता येत असेल, असा काहीतरी घरच्यांचा समज असावा.

आमचे घर म्हणजे एके काळची तंबाखूची वखार. निपाणीच्या वाचकांना वखार म्हणजे काय हे सांगायला नको. पुढे रस्ता, मागे परसू, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. लांबी भरपूर, रुंदी बेताची. तंबाखूला ऊन नको आणि ओलही नको, त्यामुळे बांधणाऱ्यांनी खिडक्यांचा फारसा विचार केला नाही. पुढे तीत माणसे राहायला आली. छप्पर कौलारू होते तोवर माजघरावर एक काचेचे कौल होते. मंगलोरी कौलांच्या ओळीत बसवलेले, त्याच मापाचे, त्याच खाचांचे, पण काचेचे. दुपारी त्यातून उजेडाचा एक तुकडा जमिनीवर पडे आणि आजी त्यावरून भात केव्हा टाकायचा ते ठरवी. मी बालवाडीत असताना कौले उतरवून स्लॅब घातला. घर पक्के झाले आणि माजघर अंधारले.

वाटणीत रस्त्याकडचा भाग आमच्याकडे आला, परसाकडचा काकांकडे. त्यांना मागच्या बोळातून वेगळे दार. आजी ‘आमच्या वाटणीला आली’. हा शब्दप्रयोग मला आवडत नाही, पण त्या दिवसांत सगळे असेच बोलत होते. आजीची खोली आमच्या भागात अगदी शेवटी, आणि भिंत यायची ती नेमकी तिच्या खाटेशी. परसू पूर्वेला. सकाळचा उजेड परसातून काकूच्या स्वयंपाकघरात आणि तिथून आजीच्या खोलीत येई. मध्ये होता तो केवळ एक पडदा. विटांची भिंत चढली की त्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागणार हे उघड होते.

आजीच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे; दुसरा डोळा नावालाच आहे. सकाळी आठ ते दहा ती त्या उजेडात तांदूळ निवडते, वाती वळते आणि पेपरातल्या ठळक बातम्या वाचते. वाटणीच्या बैठकांत ती एक शब्द बोलली नव्हती. गवंडी सुतळी धरायला आला तेव्हा मात्र म्हणाली, “भिंत घाला बाबांनो, पण माझी सकाळ तेवढी ठेवा.”

“ट्यूब लावा की आज्जी,” असे गवंडी म्हणाला. त्याच्या दृष्टीने प्रश्न तिथेच सुटला होता.

काकांचे म्हणणे, भिंत वरपर्यंत हवी. काकूला दिवसभर स्वयंपाकघरात वावरायचे, आणि समोर सासू आणि जाऊ यांची नजर. कुणी म्हणेल, नजरेने काय होते? पण मला काकूचे म्हणणे मुळीच अयोग्य वाटले नाही. मघाशी ज्या ‘तो’ काचाविषयी लिहिले, तो पुष्कळदा हाताने होतच नाही, नजरेनेच होतो. तेव्हा मागणी ठरली ती अशी: उजेड यावा, नजर येऊ नये.

ही मागणी काही नवी नव्हे. पहिल्या वर्षाला असताना आमची सहल चोर्ला घाटाने गोव्याला गेली होती. तिथल्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असतात. काच महाग आणि दुर्मीळ होती. समुद्रातला चपटा, पातळ शिंपला हाताशी होता. त्याच्या कडा कापून चौकोनी तुकडे करायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकाखाली एक सरकवायचे. उजेड त्यातून दुधासारखा आत येतो. ऊन बाहेर राहते आणि रस्त्यावरचा माणूसही. आमच्यापैकी बहुतेकांनी त्या खिडकीपुढे उभे राहून फोटो काढले. खिडकी मात्र फोटोत माझ्या मैत्रिणीच्या डोक्यामागे झाकून गेली आहे.

शिंपले आता कोण कापून देणार? मी बेळगावची बस धरली.

काचेच्या दुकानात पहिल्यांदा गेलेल्या माणसाची अवस्था साड्यांच्या दुकानात गेलेल्या पुरुषासारखी होते. पारदर्शक, रंगीत, आरशाची, नक्षीची, घासलेली, चकचकीत लेप दिलेली. त्यात पुन्हा चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा मिलिमीटर. मालक फोनवर होते. काम करणारा मुलगा कन्नड बोलणारा. मी माझ्या बसच्या रांगेतल्या कन्नडात सांगितले, “बेळकु बेकु, आदरे काणबारदु.” उजेड हवा, पण दिसता कामा नये. तो हसला. मला वाटले, व्याकरण चुकले. पण तो म्हणाला, निम्मी गिऱ्हाइके हेच मागतात, फक्त इतक्या थोड्यात सांगत नाहीत. मग त्याने एकेक तुकडा खिडकीपाशी उभा करायला सुरुवात केली.

आज साधी म्हणून मिळते ती काच ‘फ्लोट’. वाळू, सोडा, चुनखडी वितळवून झालेला रस वितळलेल्या कथिलावर सोडतात. कथील जड, काच हलकी. ती वर तरंगते, पसरते आणि घासल्यावाचूनच दोन्ही बाजूंनी सपाट होते. इंग्लंडातल्या पिल्किंग्टन कंपनीने ही रीत १९५९ साली जाहीर केली. त्यापूर्वीची खिडकीची काच रसातून ओढून काढलेली असे आणि तिच्यात लाटा राहत. आमच्या दर्शनी दारावरच्या जुन्या तावदानातून पाहिले तर समोरचा विजेचा खांब नागमोडी दिसतो. काच वर्षानुवर्षे हळूहळू खाली ओघळते म्हणून असे होते, असे आम्हाला कुणीतरी सांगितले होते आणि पुष्कळांना ते खरे वाटते. ते खरे नाही. ती लाट भट्टीतूनच आलेली असते.

असो. साधी काच आम्हाला निरुपयोगी, कारण तिच्यातून सगळेच दिसते. मग रंगीत. निळी आणि तपकिरी काच दिसायला छान, पण ती स्वतःच उजेड खाते; आजीची सकाळ वाचवायला निघावे आणि वाटेत निम्मी खर्चून टाकावी, तसे. आरशासारखा लेप दिलेल्या काचेची शिफारस मालकांनी फोन ठेवल्यावर स्वतः केली. बाहेरून आतले दिसत नाही, हे खरे. पण ते ज्या बाजूला अंधार आहे तिला झाकते. दिवसा उजेड काकूकडे, म्हणजे काकू आरशात आणि आजी पडद्याआड. रात्री काकूने दिवा मालवला आणि आमच्याकडे चालू राहिला की सगळे उलट. ज्या काचेची बाजू संध्याकाळी बदलते ती दोन जावांच्या मध्ये लावणे मला काही शहाणपणाचे वाटले नाही.

वाळूचा मारा करून खरबरीत केलेली दुधी काच मला प्रथम पसंत पडली होती. त्या मुलाने बोट ओले करून तिच्यावर फिरवले. बोट फिरले तिथे काच स्वच्छ झाली आणि पलीकडचे कॅलेंडर दिसू लागले. खरबरीतपणामुळे उजेड विखुरतो, म्हणून ती दुधी दिसते. पाण्याने खड्डे भरले की विखुरणे थांबते. शिवाय तेलकट हात लागला तर डाग जाता जात नाही. एका बाजूला स्वयंपाकघर असल्यावर हे दोन्ही रोजचेच. साध्या काचेला दुधी कागद चिकटवण्याचा स्वस्त मार्गही होता, पण गॅसजवळच्या वाफेने त्याच्या कडा सुटतात.

राहिली नक्षीची काच. गरम काच रुळांतून जाताना एका रुळावरची नक्षी तिच्यावर उमटते. एक बाजू खडबडीत, दुसरी गुळगुळीत. तिच्यात उभ्या पन्हळींची एक होती आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यांची एक. दुकानात तिला ‘पिनहेड’च म्हणतात. “पिनहेड नोड्री,” असे म्हणून त्याने ती माझ्या हातात दिली. आपल्या महाविद्यालयाच्या जुन्या कपाटांनाही तीच आहे, हे मला तिथे आठवले. दोन वर्षे त्या कपाटांसमोर उभे राहून मी पुस्तके मागितली, पण मध्ये काच कुठली आहे हे कधी पाहिले नव्हते.

मी तळहाताएवढे तीन नमुने, कडा घासून घेऊन, घरी आणले. आजीने ते खाटेवर मांडले आणि विचारले, “ही ओगल्यांची काय गं?”

तिच्या लेखी काच म्हणजे ओगल्यांची. तिच्या माहेरी प्रभाकर कंदील होता आणि त्याची काच राखेने पुसण्याचे काम तिच्याकडे होते. ओगले ग्लास वर्क्स हा कारखाना १९१६ साली कराडजवळ, औंध संस्थानाच्या हद्दीत निघाला. त्याच्यामुळे गावाचे नावच ओगलेवाडी पडले. त्याच्याही आधी, १९०८ साली, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा अशी वर्गणी जमवण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून काच तयार झाली. भागभांडवलाची इतकी लहान दर्शनी किंमत आमच्या पाठ्यपुस्तकात कुठे आढळत नाही. विलायती काचेला उत्तर म्हणून हे लोक भट्टीपुढे उभे राहिले. ओगल्यांचा कारखाना आता बंद आहे; निपाणीहून पुण्याला जाताना कराड लागते, पण ओगलेवाडी महामार्गावरून दिसत नाही. आजीला मी सांगितले की ही ओगल्यांची नव्हे. ती जराशी हिरमुसली, पण तपासणी तिने मनापासून केली.

तिची रीत अशी: मी काच उजेडाकडे धरायची आणि तिने पलीकडे आपला हात न्यायचा. पन्हळीच्या काचेत हात उभा चिरला गेला, पण हलला की कळत होता. दुधी काचेत हात नुसता पुसट डाग झाला. ठिपक्यांच्या काचेत हात दूर असताना काहीच नव्हते, फक्त रंग. जवळ आणला तशी पाच बोटे दिसू लागली. तिने तो हात तीन-चार वेळा दूर-जवळ केला.

“ह्यात माणूस हाय का न्हाई ते कळतंय,” ती म्हणाली. “कोन हाय ते कळत न्हाई. हीच घे.”

आता काकू. तोच तुकडा घेऊन मी बोळाने मागे गेले. काकूने मला गॅसपाशी उभे केले आणि स्वतः भिंतीच्या खुणेवर उभी राहून काच डोळ्यांना लावली. गॅस खुणेपासून सहा फुटांवर आहे. “तुझ्या ओढणीचा रंग तेवढा दिसतो,” ती म्हणाली. मग थोडा विचार करून, “रंग दिसला तर दिसू दे.”

जाडीचा प्रश्न उरला होता. उजेड खाटेवर पडायचा तर काच जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू व्हायला हवी, आणि काकांचा धाकटा घरात चेंडू खेळतो. साधी काच फुटली की तिच्या सुऱ्या होतात. जमिनीलगतच्या काचेला म्हणून टफन केलेली किंवा दोन थरांची काच घेतात. दोन थरांच्या काचेत मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. फुटली तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात. मोटारीची पुढची काच अशीच असते. टफन काच सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर एकदम गार हवा सोडतात. वरचा थर आधी थिजतो, आतला मागून आकसतो आणि वरच्याला कायमचा आवळून धरतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या चौपट-पाचपट ताकदीची होते, आणि फुटलीच तर खडीसाखरेसारखी विखुरते. नक्षी फार खोल नसेल तर नक्षीची काचही अशी करता येते. मात्र एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. माप आधी, आणि ते पक्के. कोपऱ्यात आयएस २५५३ हा मानक क्रमांक छापलेला असतो तो पाहून घ्यावा, असे त्या मुलाने बजावले.

खर्च वाढला. पण चेंडू काकांच्या मुलाचा आणि खाट बाबांच्या आईची, त्यामुळे हो-नाही फार झाले नाही.

माप घ्यायला बाबा आमच्या बाजूला आणि काका त्यांच्या बाजूला उभे राहिले, टेप एकच. टेप दोघांनी धरल्याशिवाय ताणला जात नाही. “बहात्तर,” काका म्हणाले. “सव्वा बहात्तर,” बाबा म्हणाले. “पुन्हा धर.” आकडे बोलणे हे बोलणे धरायचे की नाही, याबद्दल आईचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. मी ते जमेच्या बाजूला लिहिते.

इथे वाणिज्य शाखा थोडी कामाला आली. सुताराने चौकटीचे तीन कप्पे साडेबावीस इंच बाय साडेशेहेचाळीस इंचांचे काढले होते. आमच्या दुकानात भाव चौरस फुटाचा, पण बिल करताना प्रत्येक बाजू पुढच्या सहा इंचांपर्यंत मोजतात. म्हणजे साडेबावीसाचे चोवीस आणि साडेशेहेचाळीसाचे अठ्ठेचाळीस. हातात पडणार सव्वासात चौरस फूट आणि पैसे द्यायचे आठांचे. चौकट अजून कागदावरच होती. मी सुताराला म्हटले, कप्पे पुऱ्या मापाचेच करा, पावसात लाकूड फुगते म्हणून कडेने थोडी सूट ठेवा. तीन काचांत मिळून जवळजवळ सव्वादोन चौरस फूट उजेड त्याच पैशांत आला. वजनही काढून दिले: एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते, तेव्हा पाच मिलिमीटरची आमची एक काच सव्वानऊ किलोची. सुतार म्हणाला, “पोरगी हिशेबाला चांगली आहे.” परीक्षेत मला एवढे गुण पडत नाहीत.

बिल निम्मे-निम्मे झाले. काकांचे पैसे पाकिटातून आले. मी दोन्ही बाजूंना पावत्या दिल्या. आजीने पदराच्या गाठीची पाचशेची नोट माझ्यापुढे ठेवली आणि काही केल्या परत घेईना. तिच्या नावाने एक निराळे पान उघडावे लागले. वाटणीपत्राच्या मसुद्यात वकिलांनी ‘हवा-उजेडाचा हक्क’ असे शब्द घातले होते, ते कुणाच्या नावे आहेत हे मी दोनदा वाचून पाहिले. दोन्ही भावांच्या नावे आहेत. आजीचे नाव त्यात नाही. माझ्या वहीत आहे.

काचा मार्गशीर्षात आल्या. बसवायला आलेल्या माणसाने एकच प्रश्न विचारला: खडबडीत बाजू कुणाकडे? या प्रश्नाचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. फोडणीची वाफ ठिपक्यांच्या खळग्यांत बसते आणि निघता निघत नाही. म्हणून गुळगुळीत बाजू काकूच्या स्वयंपाकघराकडे गेली आणि ठिपके आजीकडे आले. आजी खाटेवरून हात लांबवून ते चाचपते. “हे बरं झालं,” ती म्हणते, “अंधारातसुद्धा कळतंय, भिंत कुठं सरली ते.”

सकाळी आठच्या सुमारास पलीकडे निळा किंवा तांबडा रंग हलतो, ती काकू. मुलगा शाळेला जाताना एक पांढरा ठिपका झटकन निघून जातो. आणि कधीकधी कुणीतरी काचेच्या अगदी जवळ येऊन थांबते, तेव्हा खांदे आणि डोके दिसते. कोण ते कळत नाही. उंचीवरून काका असावेत. आजी मान वर करत नाही. तांदळाचे सूप तेवढे त्या बाजूला सरकवून घेते.